'न्यूज' हा शब्द चार दिशांतून आलेला नाही

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत गेल्या रविवारी 'न्यूज' या इंग्रजी शब्दाची जन्मकथा चौकटीत छापली होती. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ या चार दिशांच्या नावांची पहिली अक्षरे एकापुढे एक ठेवून हा शब्द तयार झाला, कारण बातमी चारही दिशांकडून येते, असे त्या चौकटीत म्हटले होते. ही व्युत्पत्ती खरी नाही. 'न्यूज' हा शब्द 'न्यू' या विशेषणापासून, म्हणजे 'नवा' या अर्थाच्या अगदी साध्या शब्दापासून बनला आहे आणि दिशांशी त्याचा जन्माने काहीही संबंध नाही.

चौकट लहान होती आणि चूकही अनेकांना लहानच वाटेल. तरीही एवढे लांब पत्र लिहीत आहे, कारण हीच चूक मी स्वतः इंग्रजीचा शिक्षक म्हणून कित्येक वर्षे वर्गात शिकवली आहे. माझ्या लहानपणी आमच्या शिक्षकांनी फळ्यावर अधिकचे चिन्ह काढून त्याच्या चार टोकांना ही चार अक्षरे लिहिली होती. ते चित्र माझ्या मनात इतके ठसले की पुढे मी शिक्षक झाल्यावर तेच चिन्ह, तीच अक्षरे, त्याच उत्साहाने फळ्यावर काढू लागलो. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, भूगोलाच्या पुस्तकात नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट असा क्रम आहे. मग या शब्दात तो तसा का नाही?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या संध्याकाळी मी प्रथमच हा शब्द मोठ्या शब्दकोशात उघडून पाहिला. दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या वर्गाला खरे काय ते सांगितले, परंतु त्याआधीच्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या मुलांना आता एकेक करून गाठता येणे शक्य नाही. आपल्या पुरवणीच्या बालवाचकांपर्यंत मात्र खरी गोष्ट अजून पोचवता येईल, आणि ती खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे, असे मला मनापासून वाटते.

'न्यू' हा इंग्रजीतील अत्यंत जुना शब्द आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'नीवे' अशा रूपात आढळतो, आणि त्याचे आप्त युरोपपासून भारतापर्यंत पसरलेले आहेत. लॅटिनमधला 'नोवुस', ग्रीकमधला 'नेओस', रशियनमधला 'नोवी', 'नवरोज'मध्ये दिसणारा फारसीतला 'नव' आणि संस्कृतातला 'नव' हे सगळे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्राने केव्हाच सिद्ध केले आहे. आपण 'नवा', 'नवीन' म्हणतो तेव्हा त्याच कुळातला शब्द उच्चारत असतो. म्हणजे 'न्यूज' या शब्दाचा पहिला भाग आपल्याला मुळीच परका नाही, आणि मुलांना सांगण्यासारखी पहिली गोष्ट माझ्या मते हीच आहे.

या 'न्यू'ला बहुवचनाचा प्रत्यय लागून चौदाव्या शतकाच्या अखेरीस 'न्यूज' असे रूप इंग्रजी लेखनात दिसू लागते. त्या वेळी त्याचा अर्थ केवळ 'नव्या गोष्टी' असा होता. पंधराव्या शतकात तो अर्थ आकुंचन पावून 'नुकत्याच घडलेल्या गोष्टींची माहिती', म्हणजे आजच्या अर्थाने बातमी, असा झाला. इथे एक प्रश्न उरतो. विशेषणाला वचनाचा प्रत्यय लावण्याची रीत इंग्रजीतून तोवर जवळजवळ लोपली होती. मग 'नवा' या विशेषणाचे 'नव्या गोष्टी' असे बहुवचनी नाम इंग्रजांना सुचले कसे? याचे उत्तर शेजारच्या भाषेत आहे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर पुढची सुमारे तीनशे वर्षे दरबारात आणि न्यायालयांत फ्रेंचचा वरचष्मा होता. त्या फ्रेंचमध्ये बातम्यांना 'नवा' याच अर्थाच्या विशेषणाचे स्त्रीलिंगी बहुवचन वापरत असत, आणि आजही फ्रेंच माणूस बातम्यांना 'नूव्हेल' म्हणतो. मध्ययुगीन लॅटिनमध्येही 'नोवा', म्हणजे 'नव्या गोष्टी', हा शब्द त्याच अर्थाने रूढ होता. इंग्रजांनी परका शब्द जसाच्या तसा उचलला नाही. त्याची घडण पाहिली आणि घरच्या शब्दाला तीच घडण दिली. एका भाषेतली शब्दरचना दुसरीने स्वतःच्या सामग्रीतून पुन्हा उभी करण्याचे हे सुरेख उदाहरण आहे.

याच मुळातून इंग्रजीला आणखी एक शब्द मिळाला, तो म्हणजे 'नॉव्हेल'. आज आपण कादंबरीला नॉव्हेल म्हणतो, पण या शब्दाचाही मूळ अर्थ 'नवी गोष्ट' हाच आहे, आणि काही शतकांपूर्वी इंग्रजीत तो 'बातमी' या अर्थानेही वापरला जात असे. म्हणजे कल्पित कथेचे नाव आणि सत्य घटनेचे नाव ही दोन्ही एकाच घरातून निघालेली भावंडे आहेत.

'न्यूज' येण्यापूर्वी इंग्रज लोक बातमीला काय म्हणत होते, हा प्रश्न मला त्या मुलीच्या प्रश्नानंतर सुचला आणि त्याच्या उत्तराने मला सर्वाधिक आनंद दिला. त्यांच्याकडे 'टायडिंग्ज' हा शब्द होता. उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'घडलेल्या गोष्टी' या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते आहे. 'टाइड' या इंग्रजी शब्दाचा अर्थ आज समुद्राची भरती-ओहोटी असा असला, तरी पूर्वी तो 'काळ', 'वेळ' असा होता, आणि त्याच कुळातल्या 'बिटाइड' या क्रियापदाचा अर्थ 'घडणे', 'गुदरणे' असा आहे. जर्मन भाषेत वर्तमानपत्राला आज जो 'त्साइटुंग' हा शब्द आहे तोही याच गोतावळ्यातला असून पूर्वी त्याचा अर्थ नुसता 'बातमी' असा होता. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात देवदूत मेंढपाळांना येशूच्या जन्माची वार्ता सांगतो, तिथे 'टायडिंग्ज' हाच शब्द योजलेला आहे, आणि म्हणून नाताळच्या गीतांमध्ये तो अजून जिवंत आहे.

आता आपल्या शब्दांकडे पाहावे. 'वृत्त', 'वार्ता' आणि 'वर्तमान' हे तिन्ही शब्द संस्कृतातल्या 'वृत्' या धातूपासून, म्हणजे 'असणे', 'चालू असणे', 'घडणे' या अर्थाच्या धातूपासून आले आहेत. वृत्त म्हणजे जे घडले ते. म्हणजे 'टायडिंग्ज' आणि 'वृत्त' या शब्दांमागची दृष्टी एकच आहे: बातमीचे सत्त्व ती घडलेली असण्यात आहे. 'न्यूज' या शब्दामागची दृष्टी निराळी आहे: बातमीचे सत्त्व ती नवी असण्यात आहे. आणि ही दुसरी दृष्टीही आपल्या बोलण्यात आहेच. दोन माणसे भेटली की "काय, काय नवीन?" असे विचारतात तेव्हा त्यांना नवीन कपडा किंवा नवीन घर अपेक्षित नसते, तर बातमी हवी असते. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इंग्रज माणसाने केले ते नेमके हेच. त्याने बातमीला 'नवीन' म्हटले, एवढेच. अधिकचे चिन्ह आणि त्याची चार टोके यांची त्याला गरज पडली नाही. वर्गात हे सांगितल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो दिशांच्या गोष्टीने कधी पडलेला मला दिसला नाही. कारण दिशांची गोष्ट ऐकून मुले फक्त चकित होतात, तर ही ऐकून स्वतःच्या तोंडातला शब्द त्यांना नव्याने समजतो.

शब्दाच्या शेवटचा 'ज' हा बहुवचनाचा प्रत्यय आहे, याची साक्ष व्याकरणाच्या इतिहासातही मिळते. सुरुवातीला 'न्यूज' हा शब्द अनेकवचनीच चालत असे. सोळाव्या शतकापासून तो एकवचनी क्रियापदाबरोबरही येऊ लागला आणि बराच काळ दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदले. शेक्सपिअरच्या नाटकांत कुठे तो एकवचनी आहे तर कुठे अनेकवचनी. एकोणिसाव्या शतकातसुद्धा तो अनेकवचनी लिहिणारी सुशिक्षित माणसे होती. आज मात्र त्याचे रूप अनेकवचनाचे आणि वागणे एकवचनाचे आहे, जसे 'फिजिक्स' किंवा 'मॅथेमॅटिक्स' या शब्दांचे. म्हणूनच इंग्रजीत 'अ न्यूज' म्हणता येत नाही. एकच बातमी सांगायची तर 'अ पीस ऑफ न्यूज' असे म्हणावे लागते. आमचे विद्यार्थी या ठिकाणी हमखास चुकत. 'न्यूज' म्हणजे मुळात 'नव्या गोष्टी', हे एकदा समजले की 'एक नव्या गोष्टी' असे का म्हणता येत नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शब्द जर खरोखर चार दिशांच्या आद्याक्षरांचा असता, तर त्याला अनेकवचनी क्रियापद लावण्याचे कोणाच्या मनातही येण्याचे काही कारण नव्हते.

दिशांच्या कथेविरुद्ध इतरही पुरावे आहेत. जुन्या हस्तलिखितांत आणि छापील पुस्तकांत हा शब्द अनेक प्रकारे लिहिलेला सापडतो. कुठे शेवटच्या अक्षराआधी आणखी एक 'ई' आहे, कुठे त्या जागी 'आय' आहे, तर कुठे 'डब्ल्यू'च नाही. आद्याक्षरांचा शब्द असता तर त्यातली चार अक्षरे ही त्याची हाडेच ठरली असती, आणि ती अशी मनाला येईल तशी वाढवता-घटवता आली नसती. दुसरे असे की, ज्या भाषांत दिशांची नावे वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, त्यांतही बातमीला 'नवे' असेच म्हणतात. वेल्श भाषेत बातम्यांना 'न्यूअद्यॉन' म्हणतात, रशियनमध्ये 'नोवोस्ती', डचमध्ये 'निऊस', आणि चेक भाषेत वर्तमानपत्राला 'नोविनी' हा शब्द आहे. हे सगळे शब्द त्या त्या भाषेतल्या 'नवा' या शब्दापासून बनले आहेत. इतक्या भाषांनी नवेपणावरून नाव द्यायचे आणि एकट्या इंग्रजीने, तेही 'नवा' याच्याशी तंतोतंत जुळणारे नाव, योगायोगाने दिशांवरून बनवायचे, हे संभवत नाही.

आणि त्या मुलीचा प्रश्न तर अजूनही निरुत्तर आहे. इंग्रजीत दिशांचा रूढ क्रम नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट असा आहे. होकायंत्रावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत गेले तर नॉर्थ, ईस्ट, साउथ, वेस्ट असा क्रम मिळतो. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ हा क्रम यांपैकी कशातच बसत नाही. शब्द आधी हातात असल्याशिवाय दिशा या क्रमाने मांडण्याचे कोणाला काही कारण नाही. म्हणजे शब्द आधी आला आणि दिशा त्यात मागाहून बसवल्या गेल्या, हे त्या क्रमावरूनच कळते.

त्या कोणी बसवल्या, याचाही माग काही प्रमाणात काढता येतो. १६४० साली लंडनमध्ये 'विट्स रिक्रिएशन्स' नावाचा चुटकेवजा कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात 'न्यूज' या शब्दावर चार ओळींची एक कविता आहे. या शब्दाच्या अक्षरांचा अर्थ लावायचा तर असा लावावा, की बातमी पत्राने, शब्दाने किंवा मुखाने पोचते आणि उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण अशा चारही बाजूंनी येते, असा तिचा आशय आहे. कवीला ही व्युत्पत्ती म्हणून सांगायची नव्हती. अक्षरांशी केलेला तो एक खेळ होता, आणि त्या संग्रहाचे नावच 'बुद्धीची करमणूक' अशा अर्थाचे आहे. त्या वेळी 'न्यूज' हा शब्द दोनशे वर्षांहून अधिक जुना झालेला होता. वाचकांनाही तो खेळ खेळ म्हणूनच कळला असणार.

परंतु शब्दांच्या बाबतीत असे नेहमी घडते की चुटका सांगणारा जातो, हसणारे जातात, आणि चुटक्यातले वाक्य तेवढे गंभीर चेहऱ्याने मागे उरते. एकोणिसाव्या शतकात हेडन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तारखांच्या इंग्रजी कोशात तर उलटेच प्रतिपादन केलेले होते: हा शब्द 'न्यू'वरून आला असे अनेकांना वाटते, पण तो तसा आलेला नसून पूर्वी वार्तापत्रांच्या माथ्यावर दिशांची चार अक्षरे छापत असत, त्यांवरून तो आला. कोशासारख्या ग्रंथात छापले गेले म्हणजे ते खरे, असे लोकांना वाटते आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यावर पुढे वाचकांनीच वाद घातला, ही गोष्ट मला पत्रलेखक म्हणून फार समाधान देते. १८४९ साली लंडनमध्ये 'नोट्स अँड क्वेरीज' हे साप्ताहिक निघाले. वाचकांनी शंका विचाराव्यात आणि वाचकांनीच त्यांची उत्तरे द्यावीत, असे त्याचे स्वरूप होते. त्याच्या पहिल्याच खंडात 'न्यूज' शब्दाच्या मुळाविषयी पत्रांमागून पत्रे छापली गेली आणि त्यांत दिशांच्या कथेची यथास्थित तपासणी झाली. म्हणजे आज आपण ज्या चौकटीविषयी बोलत आहोत, तिच्यातल्या माहितीला वाचकांनी दिलेले उत्तर पावणेदोनशे वर्षांचे जुने आहे.

वार्तापत्रांच्या माथ्यावर अक्षरे होती की नव्हती, हा मुद्दा इथे गौणच आहे, कारण वार्तापत्रे मुळात फार उशिरा आली. विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला तो १४७६ साली, आणि 'न्यूज' हा शब्द त्याहून जुना आहे. युरोपातले पहिले नियमित छापील वृत्तपत्र म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते योहान कॅरोलस याचे 'रेलात्सिऑन' १६०५ साली स्ट्रासबर्गमध्ये सुरू झाले. इंग्रजी भाषेतले पहिले वार्तापत्र तर इंग्लंडमध्ये छापलेच गेले नाही. ते १६२० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापले गेले. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगचे थैमान असताना राजदरबार ऑक्सफर्डला हलला होता, म्हणून तिथे 'ऑक्सफर्ड गॅझेट' निघाले आणि पुढच्या वर्षी दरबार परतल्यावर तेच 'लंडन गॅझेट' झाले. ज्या कागदावरून शब्द आला असे सांगितले जाते, तो कागद शब्दानंतर दोन शतकांनी जन्माला आला आहे. एवढा एकच मुद्दा ध्यानात ठेवला तरी पुरेसा आहे.

'गॅझेट' या शब्दाचा उल्लेख झालाच आहे, तर त्याचीही उत्पत्ती सांगण्याचा मोह आवरत नाही. व्हेनिसमध्ये 'गाझेता' नावाचे अगदी कमी किमतीचे नाणे होते. तिथे मिळणाऱ्या वार्तापत्राला 'गाझेता दे ला नोविता', म्हणजे 'गाझेताभर नव्या गोष्टी', असे म्हणत, आणि त्यातला पहिला शब्द पुढे सगळ्या युरोपात वृत्तपत्राचे नाव म्हणून पसरला, असे सामान्यतः मानले जाते. त्या व्हेनिसच्या शब्दप्रयोगातही बातमीला 'नोविता', म्हणजे नवेपण, असेच म्हटले आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

आद्याक्षरांपासून बोलण्याजोगा शब्द बनवण्याची रीत प्रामुख्याने विसाव्या शतकातली आहे, हे एकदा सर्वांना ठाऊक झाले तर अशा पुष्कळ कथा आपोआप गळून पडतील. सैन्ये, सरकारी खाती आणि प्रयोगशाळा यांना लांबलचक नावे आटोपशीर करण्याची गरज पडली, तेव्हा ही रीत फोफावली. 'रडार' हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे, 'लेसर' त्यानंतरचा. अशा शब्दांना इंग्रजीत जे 'अ‍ॅक्रोनिम' हे नाव आहे, तेही १९४०च्या दशकाच्या सुमारास रूढ झाले. त्यापूर्वी लोक आद्याक्षरे वापरतच नसत असे नाही. रोमन लोक आपल्या राज्याच्या अधिकृत नावाची चार आद्याक्षरे दगडावर कोरत असत. परंतु ती अक्षरे संक्षेप म्हणूनच राहिली, त्यांतून रोजच्या बोलण्यातले नाम जन्मले नाही. म्हणून विसाव्या शतकापूर्वीच्या एखाद्या साध्या घरगुती शब्दाची फोड कोणी आद्याक्षरांत करून दाखवू लागला, तर आधी संशय घ्यावा आणि मगच पुढे ऐकावे.

'न्यूज'सारखी अन्याय झालेली शब्दमंडळी बरीच आहे. 'गोल्फ' हा शब्द 'फक्त सद्गृहस्थांसाठी, स्त्रियांना मज्जाव' अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून झाला असे सांगतात. प्रत्यक्षात स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली लोकांनी धनुर्विद्येचा सराव करावा म्हणून फुटबॉलबरोबर या खेळावर बंदी घातली, तेव्हाच्या कायद्यात या खेळाचे नाव आहे, आणि तेही वेगळ्या अक्षरांनी लिहिलेले. 'एसओएस' ही संकटातल्या जहाजाची हाक 'आमच्या आत्म्यांना वाचवा' अशा इंग्रजी वाक्याचा संक्षेप आहे, हेही असेच. ती खूण प्रथम जर्मनीने १९०५ साली आपल्या नियमांत घातली आणि १९०६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती स्वीकारली. तीन लघू, तीन दीर्घ आणि पुन्हा तीन लघू हा मोर्स संकेत गोंगाटातही चटकन ओळखू येतो, म्हणून ती निवडली गेली. ज्यांनी ती निवडली त्यांच्या मनात इंग्रजी वाक्य नव्हतेच. या दोन्ही कथा मी मुलांच्या पुस्तकांत छापलेल्या पाहिल्या आहेत.

अशा कथा निरुपद्रवी असतात, शब्द लक्षात राहायला मदत करतात, मग त्या सांगितल्या तर बिघडले कुठे, असे माझ्या एका सहकाऱ्याने मला विचारले होते. लक्षात ठेवण्याची युक्ती म्हणून चार दिशा सांगायला माझी हरकत नाही. परंतु मग ती युक्ती आहे हे त्याच दमात सांगितले पाहिजे. मूल जेव्हा 'हा शब्द कुठून आला?' असे विचारते, तेव्हा ते आपल्याकडे युक्ती मागत नसते. ते जे खरोखर झाले ते मागत असते. शिवाय दिशांची कथा एकदा मान्य केली की शब्द हे कोणीतरी एका जागी बसून अक्षरे जुळवून तयार करतो, असा समज मुलांच्या मनात पक्का होतो. भाषेविषयीचा हा समज मुळातूनच चुकीचा आहे. बोलणाऱ्या असंख्य लोकांच्या तोंडून, शेजारच्या भाषेचे अनुकरण होत, अर्थ आकुंचत आणि विस्तारत, अनेकवचनाचे एकवचन होत शब्द घडतो, हे 'न्यूज' या एका लहानशा शब्दातून किती स्वच्छ दाखवता येते! ती संधी आपण दर वेळी अधिकच्या एका चिन्हासाठी घालवतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

वृत्तपत्राने ही चूक छापावी, याचे वाईट अधिक वाटते, कारण हा शब्द तुमच्या व्यवसायाचा आहे. घडलेले तपासून मगच छापायचे, हे ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांच्याकडून स्वतःच्या कामाच्या नावाची माहिती तपासून घेण्याची अपेक्षा वाचकाने ठेवली तर ती अवाजवी ठरू नये. चौकट लिहिणाऱ्यावर माझा रोष नाही. मी त्यांच्याच जागी अनेक वर्षे उभा होतो.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी. मजकूर लिहिण्याचा त्रास वाचावा म्हणून तो मुलांना समजेल अशा शब्दांत सोबत देत आहे:

"गेल्या वेळी आम्ही 'न्यूज' हा शब्द चार दिशांच्या आद्याक्षरांपासून बनला असे सांगितले होते. ते बरोबर नव्हते. 'न्यू' म्हणजे नवा, आणि 'न्यूज' म्हणजे नव्या गोष्टी. इंग्रजी बोलणारे लोक सहाशे वर्षांपूर्वी एकमेकांना भेटल्यावर जे विचारू लागले, तेच आपणही विचारतो: काय नवीन?"

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक